नंदीला चालणारी झाडं

"अप्पा, ती कण्हेर आहे!"

मी ओट्यावरून ओरडले तेव्हा अप्पांचा हात पिंजऱ्याच्या दारातून आत गेला होता. हातात कण्हेरीची कोवळी फांदी, तिला टवटवीत गुलाबी फुलं. आत लाकडाच्या ओंडक्यावर नंदी डोळे मिटून पडला होता.

"आगं कण्हेरच हाय. आंधळा न्हाई मी," अप्पा म्हणाले. "सकाळची ताजी तोडली. देवाला वाहिली त्यातलीच ह्याला."

"विषारी असते ती. एवढंसं खाल्लं तरी मरेल तो."

"सोमवारच्या सोमवारी महादेवाच्या डोक्यावर असती की!"

"महादेव खात नाही, अप्पा."

अप्पांनी हात मागे घेतला. फांदीकडे नीट निरखून बघितलं, जणू आयुष्यात पहिल्यांदाच बघत होते. मग ती कुंपणापलीकडे भिरकावली आणि हौदावर जाऊन हात कोपरापर्यंत धुतले. धुतले आणि पुन्हा धुतले.

नंदी म्हणजे माझ्या धाकट्या भावाचा, शैलेशचा सरडा. आपल्याकडचा कुंपणावरचा सरडा नव्हे. परदेशी, इग्वाना जातीचा, हिरवागार, शेपटीसकट माझ्या हाताएवढा लांब. गळ्याखाली बैलासारखी लोंबती कातडी, म्हणून शैलूने त्याचं नाव नंदी ठेवलं होतं. मुंगी-किड्याला तोंड लावत नसे, निव्वळ पाला आणि फुलं खायचा. म्हणजे खायला हवा होता. पुण्याहून आमच्या गावी आल्यापासून त्याने काहीही खाल्लं नव्हतं. आणि तो जगला पाहिजे, हे आमच्या घरात ठरून गेलं होतं, कारण अप्पांनी शैलूला तसा शब्द दिला होता. शैलू तेव्हा जिवंत नव्हता.

बरीच वर्षं झाली आता ह्याला. मी लोणंदला शाळेत शिकवत होते आणि रजा टाकून माहेरी राहिले होते. आम्ही गुरव. कोरेगावच्या पुढे आमचं गाव, गावाच्या कडेला महादेवाचं देऊळ आणि देवळाच्या भिंतीला लागून आमचं घर. अंगणात जे उगवायचं ते देवासाठी उगवायचं. रुई, धोत्रा, बेल, जास्वंद, पांढरी कण्हेर, गुलाबी कण्हेर. कुंपण तर पूर्ण कण्हेरीचंच. माझ्या आजोबांनी लावलेलं. सोमवारी अर्धं गाव तिथूनच फुलं तोडायचं.

आदल्या वर्षीच्या महाशिवरात्रीला शैलू ह्या नंदीला घेऊन घरी आला होता. पुण्यात कंपनीत नोकरीला होता, मित्रांबरोबर खोली घेऊन राहायचा. बाहेर जत्रा भरलेली, देवळापुढे रांग लागलेली, अप्पा सोवळ्यात घामाघूम झालेले. आणि हा बहाद्दर खांद्यावर सरडा घेऊन फाटकात उभा.

"अप्पा, पाहुणा आणलाय. नाव नंदी. उपासाला चालतो, फक्त पाला खातो."

रांगेतली माणसं फिदीफिदी हसली. तिथेच सगळं बिनसलं. माझे वडील एरवी तापट नव्हते, पण चारचौघांत हसं झालेलं त्यांना सोसायचं नाही.

"महादेवाच्या दारात सरड्याला नंदी म्हणतोस?" ते म्हणाले. "हे ध्यान घेऊन ह्या घराची पायरी चढायची न्हाई. जिथं हे असलं, तिथं तू."

शैलूची जीभ कधी गप्प राहणारी नव्हती. त्या दिवशी मात्र तो अप्पांकडे बघत राहिला, "बरं अप्पा," म्हणाला आणि वळला. आई वाटीत साबुदाण्याची खिचडी घेऊन धावत गेली तोवर तो जत्रेत दिसेनासा झाला होता. पुढे तो आईला फोन करायचा, मला करायचा. अप्पांशी एक अक्षर नाही. अप्पाही फोनजवळ बसून राहायचे आणि वाजला की उठून देवळात जायचे. दोघं एका माळेचे मणी.

वर्ष तसंच गेलं. पुढच्या फाल्गुनात पुण्यात कामावरून परतताना ट्रकने त्याच्या गाडीला मागून उडवलं.

दहाव्याला नदीवर पिंडाला कावळा शिवेना. झाडावर बसले होते, खाली उतरत होते, पिंडाजवळ येऊन पुन्हा उडत होते. आई म्हणाली, "शैलू, मी रडणार नाही रे." मी म्हणाले, "आई-अप्पांना मी बघीन." चुलते म्हणाले, मामा म्हणाले. ज्याला जे सुचलं ते बोलून झालं. उन्हं चढली. शेवटी भटजींनी दर्भाचा कावळा करायला घेतला. तेव्हा इतका वेळ दगडासारखे उभे असलेले अप्पा पुढे झाले आणि हात जोडून म्हणाले, "तुझ्या सरड्याला सांभाळतो. माझ्या घरात सांभाळतो. जा आता."

कावळा उतरला आणि पिंडाला शिवला. कुणाचा विश्वास असो वा नसो, मी डोळ्यांनी बघितलं ते सांगते. अप्पा तिथेच वाळूत बसले आणि लहान मुलासारखे रडले.

दोन दिवसांत शैलूचा मित्र तुषार नंदीला टेम्पोतून घेऊन आला. जाताना मला बाजूला घेऊन एक नंबर दिला. "सरड्याचं काही अडलं तर ह्या मॅडमना फोन करा, ताई. जनावरांच्या दवाखान्यात आहेत. शैलेश नंदीला तिथेच न्यायचा." आणखी काहीतरी सांगायचं असल्यासारखा घुटमळला, मग टेम्पोत बसून निघून गेला.

अप्पांनी शेवग्याखाली लाकडाच्या फळ्या आणि बारीक जाळी ठोकून खोलीएवढा पिंजरा उभा केला. माणूस आत उभा राहील एवढा. त्यात माती भरली. "आत झाडं लावू," म्हणाले. "त्याला रान वाटलं पाहिजे. रान वाटलं की खाईल." पण कुठली झाडं? अप्पांच्या मते देवाला चालतं ते सगळ्यांना चालतं. कण्हेरीची फांदी त्यातूनच आली होती.

त्याच दुपारी मी फोन केला.

"नंदीबद्दल विचारायचं होतं," मी म्हणाले. 

"कसा आहे?" बाईचा आवाज. तरुण.

"खात नाही. आल्यापासून काहीच नाही."

"आजूबाजूला झाडं कुठली आहेत?"

मी सांगू लागले. कण्हेर म्हणताच ती घाईने म्हणाली, "काही घालू नका. फक्त पाणी ठेवा. मी उद्या येते."

"अहो, एवढ्या लांब कशाला, फोनवर सांगितलं तरी..."

"येते मी," ती म्हणाली. पत्ता विचारला नाही. तुषारने दिला असेल असं मला वाटलं.

दुसऱ्या दिवशी ती स्वतः गाडी चालवत आली. नाव देवयानी. तिशीच्या आतली, बारीक चणीची, साधा सुती कुर्ता, केस घट्ट बांधलेले, डोळ्यांखाली काळी वर्तुळं. फाटकाशी थोडा वेळ थांबली. मला वाटलं कुत्रं आहे का बघतेय.

"या की आत," आई ओट्यावरून म्हणाली. "चहा घ्या आधी."

"नको काकू, आधी त्याला बघते. सकाळी दवाखान्यात प्राण्यांना हात लावलाय, घरात नको यायला."

आईला ते फार पटलं. शिकलेली असून सोवळंओवळं कळतं पोरीला, असं तिच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसलं. चहा तिने अंगणातच आणून दिला.

देवयानीने पिंजऱ्याकडे लांबूनच बघितलं, जवळ गेली नाही. "आधी झाडं बघू," म्हणाली. अप्पा तिच्यापुढे चालू लागले. शाळेत तपासणी असली की आमचे मुख्याध्यापक चालायचे तसे.

"ही जास्वंद," अप्पा म्हणाले.

"चालेल. पान, फूल दोन्ही. आवडतं त्याला."

"तुती?"

"उत्तम. पाला रोज द्या."

"वर शेवगा हाय, तेचा पाला पडतो."

"पडू दे. चालतो."

"रुई?"

"नको काका. चीक असतो तिला."

"बांधावरची घाणेरी?"

"अजिबात नको."

"आन् धोत्रा..."

"अप्पा!" मी म्हणाले.

"विचारून ठेवतो गं. विचारायला काय जातंय." ते बेलाखाली थांबले. "बेल?"

देवयानीने पान हातात घेऊन वास घेतला, विचार केला. "बेलाचं मला माहीत नाही. माहीत नाही ते घालायचं नाही."

अप्पा खूश झाले. "हे बरं हाय. माहीत न्हाई म्हणती." मग जरा वेळाने म्हणाले, "महादेवाचं जे जे आवडीचं, ते ते ह्याला वर्ज्य दिसतंय."

"महादेवाला विष पचतं, काका," ती म्हणाली. पहिल्यांदाच थोडी हसली. "ह्याला नाही पचत."

"तुळस?" आईने ओट्यावरून आवाज दिला. तिच्या तुळशीला कुणी नाही म्हणू नये, एवढीच तिची इच्छा असावी.

"थोडी चालेल, काकू."

"बघा!" आई आम्हा दोघांना म्हणाली.

मग देवयानी कुंपणापाशी गेली. कण्हेर ऐन बहरात होती, पार फाटकापासून विहिरीपर्यंत. खाली पानांचा आणि फुलांचा सडा. वारा सुटला की तो सडा सरकत सरकत पिंजऱ्याच्या जाळीला चिकटत होता. तिने जाळीतून अडकलेलं एक पान उपसून काढलं.

"हे येत राहणार आत," ती म्हणाली. "बारीक जाळी असली तरी."

"पिंजरा पलीकडे घेऊ का?" मी विचारलं.

"ऊन इथेच येतं. त्याला ऊन लागतं, नाहीतर खाल्लेलं पचत नाही."

"मग कण्हेर काढू," अप्पा म्हणाले.

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. आई तर ओट्यावरून उठलीच. "अहो, मामंजींनी लावलेली..."

"त्यांनी लावली, मी काढतो. त्यात काय." आणि त्यांनी गोठ्याच्या भिंतीला टेकवलेली कुदळ उचलली.

गुरवाने महादेवाची फुलझाडं उपटली म्हणून पुढे गावात महिनाभर कुजबुज झाली. त्या दिवशी मात्र कुणी अडवायला आलं नाही. अप्पा साठी ओलांडलेले. कुदळ मारायचे, दम खायचे, पुन्हा मारायचे. मी आणि देवयानी उपटलेली झाडं ओढत बांधाकडे नेत होतो.

"जाळू नका हं," ती म्हणाली. "धूरही बाधतो. खड्डा करून पुरा."

"तुम्ही बसा हो मॅडम, मी नेते," मी म्हणत होते. ती ऐकत नव्हती. मला मनातून नवल वाटत होतं. दवाखान्यातली बाई, कुठल्या कोण सरड्यासाठी पुण्याहून येते काय, भर उन्हात फांद्या ओढते काय. पण शहरात जनावरांवर जीव टाकणारी माणसं असतात असं ऐकून होते, त्यातली असेल म्हटलं.

अर्धं कुंपण निघाल्यावर तिने अंगणातली जास्वंदीची दोन रोपं मुळांसकट उचलली.

"ह्यांच्यावर फवारणी?"

"देवाच्या झाडाला कसली फवारणी," अप्पा म्हणाले.

मग ती रोपं घेऊन पिंजऱ्यात शिरली. इतका वेळ ती तिकडे गेलीच नव्हती, हे माझ्या तेव्हा लक्षात आलं. आत जाऊन तिने हातानेच माती उकरली, रोपं लावली, एकेक करून पाणी घातलं. एकदाही नंदीकडे बघितलं नाही. काम संपलं तशी तिथेच मातीत मांडी घालून बसली.

नंदीने एक डोळा उघडला. मग दुसरा. मग ओंडक्यावरून सावकाश खाली उतरला, तिच्या मांडीवर चढला, तिथून दंडावर, दंडावरून खांद्यावर. आणि तिच्या गळ्याशी हनुवटी टेकवून बसला. ती हलली नाही. हात लांबवून तिने जास्वंदीचं फूल तोडलं, पाकळी सुटी केली, खांद्याजवळ धरली. नंदीने ती खाल्ली. मग दुसरी. मग अख्खं फूल.

"खातोय गं, उजे, खातोय!" आई ओट्यावरून रडायलाच लागली.

अप्पांची कुदळ थांबली होती. ते जाळीजवळ आले. "वळखतो की तुला," म्हणाले.

"हो," देवयानी म्हणाली. तिने तोंड दुसरीकडे वळवलं होतं.

बराच वेळ ती त्याला भरवत राहिली. नंतर त्याला जपून ओंडक्यावर ठेवून बाहेर आली आणि हौदावर तोंड धुतलं.

"काका, खरं सांगते," ती म्हणाली, "मी त्याला न्यायला आले होते. गाडीत त्याची पेटीपण आणलीये. वाटलं होतं, इथे जगणार नाही."

अप्पांचा चेहरा पांढरा पडला. "मी शब्द दिलाय त्येला," ते म्हणाले. एवढंच. त्याला म्हणजे कुणाला, ते सांगितलं नाही.

"आता नाही नेत. तुम्ही एवढं केलंत... जगेल तो. फक्त सुरुवातीला हाताने भरवा."

"भरवीन."

"मग झालं," ती म्हणाली आणि पर्स उचलली.

त्या बोलण्याने माझा जीव भांड्यात पडला. आईचाही. ती लगबगीने आत गेली आणि कुंकवाचा करंडा घेऊन आली. आमच्याकडे बाई घरी आली की तिला कुंकू लावल्याशिवाय पाठवत नाहीत. दुःखाचं घर असलं तरी आईने तेवढं सोडलं नव्हतं.

"थांब बाई. लेकीबाळीनं असं मोकळ्या कपाळानं जाऊ नये." बोटावर कुंकू घेऊन आई पायऱ्या उतरली आणि तिच्या कपाळाकडे हात नेला.

देवयानी मागे सरली.

अगदी एक पाऊल. चटका बसावा तशी. एक हात आपोआप वर आलेला. "नको, आई," ती म्हणाली.

दिवसभर ती काकू म्हणत होती.

आईचं बोट तसंच हवेत राहिलं.  देवयानीलाही आपण काय केलं ते कळलं असावं, कारण तिने वर आलेला हात झटकन खाली घेतला आणि कपाळ पुढे केलं. पण आता आईच लावू शकत नव्हती. ती देवयानीच्या तोंडाकडे बघत होती, आणि मी आईच्या तोंडावर एकेक गोष्ट उमटताना बघत होते. तुषारचं घुटमळणं, न विचारलेला पत्ता, फाटकाशी थांबणं, सगळं माझ्याही डोक्यात एकदम जागेवर येऊन बसलं.

"कधी?" आईने विचारलं.

"गेल्या वर्षीच्या महाशिवरात्रीच्या आधी. रजिस्टर लग्न." ती खाली बघून बोलत होती. "घर मिळेपर्यंत मी माझ्या आईकडे राहत होते. घर बघून ठेवलं होतं आम्ही."

"आन् आम्हाला सांगितलं न्हाई?" अप्पा म्हणाले. रागावून नाही. लहान मुलाने विचारावं तसं.

ती कुर्त्याला लागलेली माती झटकत राहिली.

"सांग गं बाई," आई म्हणाली. "आता काय लपवायचं राहिलंय?"

"सांगायलाच आलो होतो."

"आलो?" मी म्हणाले.

"जत्रेमुळे रिक्षा पुढे येईना. मी पिठाच्या गिरणीपाशी थांबले, रिक्षातच. तो म्हणाला, तू बस, मी आधी नंदीला घेऊन जातो. अप्पांनी त्याला घरात घेतलं की तुलाही घेणारच. हसत हसत गेला. त्याचं माहितीये ना तुम्हाला, प्रत्येक गोष्टीची गंमत करायचा." ती थांबली. "नवी साडी नेसले होते मी."

अप्पा फाटकाकडे बघत होते. मीही बघितलं. जिथं हे असलं, तिथं तू. मुलाला नव्हे, सरड्याला नाही म्हटलं होतं, ह्या एका गोष्टीवर वर्षभर त्यांनी स्वतःला सावरून धरलं होतं. सरडाच तर होता. मुलगा आज ना उद्या विसरेल. एवढंसं तर होतं.

"परत आला तर काय म्हणाला?" अप्पांनी विचारलं.

"म्हणाला, आज गर्दी आहे, पुन्हा येऊ."

"बाकी काय न्हाई सांगितलं?"

"नाही."

"नंतर कधी? माझ्याबद्दल काय म्हणायचा?"

तिने वर बघितलं. मला मनापासून वाटत होतं, हिने काहीतरी चांगलं रचून सांगावं. आठवण काढायचा म्हणावं. कुणाचं काय गेलं असतं?

"काही नाही म्हणायचा," ती म्हणाली. "तुमचा विषय निघाला की उठायचा आणि नंदीला पाला घालायला जायचा."

अप्पांनी मान हलवली. हळूहळू, कितीतरी वेळ हलवत राहिले.

"दहाव्याला तरी यायचंस गं," आई म्हणाली.  "अशी कशी राहिलीस एकटी?"

"कोण म्हणून येऊ?"

 मी तिचा हात धरला. मातीने भरलेला होता, माझाही होता. माझ्याच वयाची नसेल, लहानच असेल. माझी भावजय. वर्षभर होती आणि मला माहीत नव्हती. मला शैलूचा असा राग आला त्या क्षणी, आणि तो राग काढायला तोही नव्हता.

अप्पा पिंजऱ्यात शिरले. आजवर त्यांनी नंदीला फडक्याशिवाय हात लावला नव्हता, किळस वाटायची त्यांना. त्या दिवशी त्यांनी त्याला उघड्या हातांनी उचललं, छातीशी धरलं आणि बाहेर आणलं. नंदीच्या नख्या त्यांच्या बंडीत रुतल्या होत्या.

"पेटी आण, उजे. गाडीत हाय म्हणाली न्हाई का."

"नको अप्पा," देवयानी म्हणाली. "तुम्ही शब्द दिलाय त्याला. राहू दे इथे. एवढी कण्हेर काढलीत..."

"सांभाळतो म्हणून शब्द दिलाय. तुझ्या हातचं खातो तो. मग तुझ्याकडंच सांभाळला जाईल. माझ्याकडं ठेवून मारू का त्येला?"

"तुमच्याकडे मग त्याचं काय राहिलं?"

"न्हाई राहिलं तर न्हाई राहिलं."

मी पेटी आणली. अप्पांनीच नंदीला आत ठेवलं. तुतीची, जास्वंदीची डहाळी ओल्या गोणपाटात गुंडाळून गाडीत मागे ठेवली. मग येऊन ते देवयानीपुढे उभे राहिले. धोतराला माती, हातांना फोड आलेले.

"जायच्या आधी आत ये," म्हणाले. "दिवसभर अंगणात बसलीस. अशी न्हाई जायचं." आणि आईकडे वळले. "माप आण."

आईला क्षणभर कळलं नाही. मग कळलं. ती पळतच आत गेली. नवी नवरी घरात येते तेव्हा तांदळाने भरलेलं माप उंबऱ्यावर ठेवतात आणि ती ते पायाने लवंडून घरात शिरते. कुंकू पुसलेल्या बाईसाठी माप ठेवलेलं कुणी ऐकलं नसेल. अप्पा गुरव होते, गावाचे सगळे रीतिरिवाज त्यांना विचारून व्हायचे. आणि तेच दाराच्या बाजूला सरकून उभे होते, आत जायला वाट करून देत. आईने काठोकाठ तांदूळ भरून आणले. घाईत थोडे पायरीवर सांडले. तिने माप उंबऱ्यावर ठेवलं.

"ये गं," आई म्हणाली. "ये बाळा."

देवयानी पायऱ्यांपर्यंत गेली. पहिल्या पायरीवर तिने पाय ठेवला. मापाकडे बघत तशीच उभी राहिली. मी मनातल्या मनात म्हणत होते, चल, दोनच पायऱ्या आहेत, चल.

तिने पाय खाली घेतला.

"त्याच्याबरोबर यायचं होतं, अप्पा," ती म्हणाली.

वाकून तिने दोघांना नमस्कार केला, तिथूनच, अंगणातून. मला मिठी मारली. मग फाटकाबाहेर गेली आणि गाडीत बसली. गाडी पिठाच्या गिरणीवरून वळून दिसेनाशी झाली तरी अप्पा दाराच्या बाजूला वाट करून तसेच उभे होते.

माप उंबऱ्यावर राहिलं. ते उचलायला आईचा हात धजेना, आणि ते ओलांडून आत जायची आमच्यातल्या कुणाची छाती नव्हती. देवळात दिवा लावायची वेळ झाली, टळूनही गेली. आम्ही तिघं बाहेरच उभे होतो.